त्रुटीबाईंचा डूख

वीज नियामक आयोगाच्या कार्यालयात तिला तोंडावर सगळे 'बाई' म्हणत आणि पाठ फिरली की 'त्रुटीबाई'. हे नाव तिला ठाऊक होतं आणि त्याचा तिला रागही नव्हता. कुणाला वीज तयार करायची असो, नाहीतर एखाद्या भागात तारा ओढून ती विकायची असो, त्यानं आधी आयोगाकडे परवाना मागायचा, आणि तो अर्ज परवाना विभागातल्या तिच्या टेबलावरूनच पुढे सरकायचा. अर्ज आला की आधी जायचं पोचपत्र. अर्ज मिळाला, एवढंच ते सांगायचं. मग निघायचं त्रुटीपत्र. अर्जात काय राहिलंय, कुठला नकाशा जुना आहे, कुठल्या पानावर सही नाही, हे सगळं त्यात असायचं. तिची त्रुटीपत्रं म्हणजे कंपन्यांच्या साहेबांची डोकेदुखी. शेजारच्या टेबलावरचा हिशेबनीस म्हणायचा, "बाईंना लग्नपत्रिका दिली तरी विचारतील, नवरदेवाचं संमतीपत्र कुठे आहे?"

तिचा आणखी एक हट्ट होता, आणि तो तिनं वरच्यांशी भांडून कार्यालयाच्या गळी उतरवला होता. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या माथ्यावर ठळक अक्षरात लिहायचं, की हे पत्र कसलं आहे. पोच आहे, की त्रुटी, की माहितीची मागणी, की कारणे दाखवा नोटीस. आणि खाली साध्या भाषेत लिहायचं, की उत्तर दिलं नाही तर काय होईल. नवीन लागलेली मंडळी कुरकुर करत. "विनंतीवजा लिहिलं तर काय बिघडतं, बाई? बरं दिसतं जरा." त्यावर ती चष्म्यावरून नुसती बघायची, आणि समोरचा मसुदा उचलून परत न्यायचा.

तिच्या त्या बघण्यामागे काय होतं, ते कार्यालयात कुणाला माहीत नव्हतं.

ती वाढली ती एका खिंडीच्या तोंडाशी वसलेल्या बाजारगावात. तिच्या वडिलांना, अण्णांना, सगळा गाव 'दिवेवाले' म्हणायचा. बाजाराच्या मागे पत्र्याची मोठी शेड, शेडमध्ये डिझेलवर चालणारं एक धिप्पाड इंजिन, आणि तिथून लाकडी खांबांवरून घराघरांत गेलेल्या तारा. परवाना अण्णांच्या नावावर. संध्याकाळी सिनेमाचा खेळ सुरू झाला की साऱ्या गावातले दिवे एकदम मंद व्हायचे, आणि बायका चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणायच्या, लागला सिनेमा. अण्णा तेलानं माखलेल्या हातांनी घरी यायचे आणि दाराच्या कडीला कोपरानं धक्का देऊन आत शिरायचे. यंत्राच्या आवाजात थोडा जरी फरक पडला तरी ते जेवता जेवता ताटावरून उठत. आई करवादायची, "त्या इंजिनाशीच संसार थाटायचा होता, मला कशाला आणलंत?"

तेव्हा आयोगाचा परवाना अधिकारी म्हणून एक तरुण साहेब तपासणीला आला. गोरा, नीटनेटका, बोलायला इतका मऊ की आईनं पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'मऊसाहेब' ठेवलं. तो शेड बघून गेला आणि मग त्यांच्या पुढच्या खोलीत बसून चहा प्यायला. अण्णांना म्हणाला, एकट्यानं एवढं सगळं उभं केलंत, कमाल आहे. अण्णा लाजून भिंतीकडे बघत राहिले. ती तेव्हा शाळेत होती. चहाचा कप तिनंच त्याच्या हातात दिला होता, आणि त्यानं तिला विचारलं होतं की मोठेपणी कोण होणार.

त्यानंतर काही आठवड्यांनी आयोगाचं पत्र आलं. अण्णांना अक्षरं लावून वाचायचा कंटाळा, म्हणून त्यांनी ते तिच्याकडे दिलं. तिनं मोठ्यानं वाचलं. 'आपल्या वीजपुरवठ्याच्या व्यवस्थेबाबत आपले म्हणणे जाणून घेण्यास या कार्यालयास आनंद होईल. आपल्या सवडीने, शक्यतो महिनाअखेरपर्यंत कळविल्यास आभारी राहू.' अण्णा खूश झाले. म्हणाले, सरकारी माणसं असून किती अदबीनं लिहितात बघ. तरी सावधपणा म्हणून त्यांनी बाजारातल्या दुकानातून मऊसाहेबाला फोन केला. तो म्हणाला, "नुसती औपचारिकता आहे हो. तुमच्यासारख्या माणसाला काय उत्तरं लिहायला लावायची? सवडीनं बघा." अण्णांना सवड कुठली? इंजिनाचं काहीतरी निघालं होतं, त्यात महिना गेला.

पुढचं पत्र मऊ नव्हतं. कारणे दाखवण्याची संधी देऊनही परवानाधारकाने मुदतीत खुलासा केला नाही, सबब परवाना रद्द करण्यात येत आहे, असं त्यात होतं. अण्णा दोन्ही कागद घेऊन आयोगाच्या कार्यालयात गेले आणि तिलाही बरोबर घेऊन गेले, कारण वाचणारी ती. मऊसाहेबानं त्यांना बसायला खुर्ची दिली. मग पहिल्या पत्राच्या कोपऱ्यावर पेन्सिल टेकवून त्यानं दाखवलं. तिथे बारीक अक्षरात एका कलमाचा आकडा होता. परवाना रद्द करण्याचं कलम. "हे लिहिलं होतं की आम्ही," तो तितक्याच मऊपणे म्हणाला. "तुम्ही फोनवर..." अण्णा बोलायला लागले, पण तोवर त्यानं शिपायाला हाक मारून पुढच्या माणसाला आत बोलावलं होतं.

गावाच्या तारा आणि खांब एका मोठ्या कंपनीकडे गेले. त्या कंपनीला सगळी खिंड हवी होती आणि मध्ये अण्णांचं हे एवढंसं गाव अडत होतं, हे नंतर सगळ्यांनाच कळलं. इंजिन भंगारात गेलं. अण्णांना त्याच कंपनीनं मीटर वाचायची नोकरी दिली आणि त्यांनी ती घेतली. ज्या घरांत त्यांनी स्वतःच्या हातानं पहिला दिवा लावला होता, त्या घरांच्या पायरीवर वही घेऊन उभं राहायचं. लोक कनवाळूपणे चहा विचारत. आईला तो कनवाळूपणा सोसेना. शेवटी ते गाव सोडून शहरात भाड्याच्या दोन खोल्यांत आले. तिथे दिवे गेले, की आई अंधारात बसल्या जागेवरून म्हणायची, "जळो तो मऊसाहेब." सासूनं सुनेला बोलावं तितक्या सहजपणे म्हणायची. ती गेली तेव्हाही तिचा हा राग धडधाकट होता.

अण्णा मात्र कधी काही बोलले नाहीत. पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करत त्यांनी दिवस काढले. मुलीला वाटायचं, अण्णांनी सगळं पोटात घातलंय. आईचा डूख आपल्याकडे आलाय, आणि तो आपल्यालाच सांभाळायचाय.

तिनं तो सांभाळला. शिकली, परीक्षा दिल्या, आणि दुसरीकडे बरी नोकरी मिळत असताना हट्टानं आयोगातच लागली. तोवर मऊसाहेब बढती घेत दुसऱ्या खात्यात गेला होता. जुन्या फायलींत त्याची सही दिसायची, आडवी, लांब शेपटीची. ती दिसली की तिचा हात पान उलटायची घाई करायचा. लग्नाची दोन स्थळं आली आणि गेली. एक जण तर बरा होता, पण त्यानं पहिल्याच भेटीत विचारलं की तुम्हाला आयुष्यात काय हवं आहे, आणि तिला खरं उत्तर देता येईना.

अण्णा ऐंशीच्या पुढे गेले आणि तिच्याही निवृत्तीचा विषय निघू लागला, तेव्हा एका सकाळी एक जाडजूड अर्ज तिच्या टेबलावर येऊन पडला. खिंडीतला पुरवठा सोडून ती मोठी कंपनी निघाली होती आणि एका नव्या कंपनीला तो भाग हवा होता. तिनं सवयीनं शेवटचं पान आधी उघडलं. संचालक आणि अधिकृत प्रतिनिधी, आणि खाली ती आडवी, लांब शेपटीची सही.

तिनं फाईल मिटली, जाऊन गार पाण्यानं तोंड धुतलं आणि परत येऊन पोचपत्र लिहायला घेतलं. त्या दिवशी हिशेबनिसाला तिनं स्वतःहून चहा पाजला, हे कार्यालयात बरेच दिवस बोललं गेलं.

मग त्रुटीपत्रं सुरू झाली. पहिलं पत्र रास्त होतं. दुसऱ्यात तिनं नकाशाची मोजपट्टी धरली. तिसऱ्यात प्रतिज्ञापत्राचा कागद. चौथ्यात पानांचे आकडे उजवीकडे का आणि डावीकडे का नाहीत, यावर दीड पान. एक त्रुटी भरून आली की ती दुसरी काढायची. मऊसाहेब आता म्हातारा झाला होता, केस पांढरेशुभ्र, हातात काठी. तो स्वतः खेटे घालायचा. बाहेरच्या बाकावर बसायचा, काठी गुडघ्यांत धरून. ती दार थोडं उघडं ठेवायची, म्हणजे तो दिसत राही. त्याला बसवून ठेवून ती पेन्सिलींना टोकं करायची. आयुष्यात इतक्या निवांतपणे तिनं कधी काम केलं नव्हतं.

हे फार दिवस चाललं नाही. विभागप्रमुखानं तिला बोलावलं. तो तिच्याहून वयानं लहान, पण सरळ माणूस. तो म्हणाला, "बाई, हा अर्ज पूर्ण आहे. तुम्हालाही माहीत आहे. खिंडीतले लोक दर दोन दिवसांनी अंधारात बसतायत. यापुढे त्रुटीपत्र निघालं तर त्यावर मी सही करणार नाही." त्याचं म्हणणं खरं होतं, आणि म्हणूनच तिला ते जास्त झोंबलं.

त्या आठवड्यात तिनं एक मसुदा केला. माथ्यावर काही लिहिलं नाही. 'आपले म्हणणे जाणून घेण्यास आनंद होईल,' अशी सुरुवात, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात कलमाचा आकडा. जसं आलं होतं तसंच परत धाडायचं. शब्द तिला पाठ होते, लिहायला वेळ लागला नाही. पण टंकलिखित होऊन कागद समोर आला, तेव्हा तिला तो हातात धरवेना. हे पत्र त्याचं होतं. ते धाडलं असतं तर आपण त्याच्या शाळेतून शिकून आलो असं झालं असतं. तिनं कागदाचे तुकडे केले, आणि तुकडे पर्समध्ये घालून घरी नेले, कार्यालयाच्या टोपलीतसुद्धा टाकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिनं मऊसाहेबाला आत बोलावलं. पहिल्यांदाच.

तो बसला. खोलीभर नजर फिरवली. याच खोलीत तो एकेकाळी बसायचा, टेबल तेव्हा खिडकीकडे होतं, असं त्यानं सांगितलं. तिनं तोंडावरची रेषही न हलवता विचारलं, की खिंडीच्या भागाची तुम्हाला काही माहिती आहे का.

त्याचा चेहरा खुलला. "माहिती? बाई, तो भाग मीच जुळवून आणला. पूर्वी तिथे गावोगावी फुटकळ परवाने होते. कुणी पिठाच्या गिरणीवर दिवे लावायचा, कुणी डिझेलवर. सगळे मी काढले आणि एका कंपनीखाली आणले. वरचे लोक म्हणायचे वर्षं लागतील, कोर्टात जातील. एकही गेला नाही."

"एकही नाही?" ती म्हणाली. "कसं जमवलंत?"

"गोड बोलून," तो हसला. "कडक नोटीस दिली की माणूस वकिलाकडे धावतो. विनंती केली की घरी बसतो."

"त्या बाजारगावात एक दिवेवाले म्हणून होते. आठवतात?"

त्यानं खरोखर आठवायचा प्रयत्न केला. ते तिनं पाहिलं. कपाळाला आठी घातली आणि मग नकारार्थी मान हलवली. "असतील. असे बरेच होते."

अण्णांच्या हातचे ते खांब, आईचे ते अंधारातले शब्द, आणि इथे काहीच नव्हतं. हा माणूस काही लपवत नव्हता. त्याला आठवतच नव्हतं. तिच्या मनात कुठेतरी वाटत आलं होतं, की तोही कधीतरी रात्री दचकून उठत असेल. तेवढाही आधार गेला, आणि तिचा राग एकदम थंड आणि टोकदार झाला.

तिनं त्याच संध्याकाळी पत्र काढलं. माथ्यावर ठळक लिहिलं, 'माहितीची मागणी'. खाली लिहिलं, की अर्जदार कंपनीच्या संचालकांनी सदर भागातील वीजपुरवठ्याबाबत पूर्वी कोणत्याही पदावरून घेतलेले निर्णय सविस्तर कळवावेत. आणि त्याच्याखाली, तिच्या हट्टाप्रमाणे, साध्या भाषेत, की ही माहिती संचालकांचे हितसंबंध तपासण्यासाठी वापरली जाईल आणि तिच्यावरून परवान्याला शर्ती घातल्या जाऊ शकतात. एकही शब्द बारीक नव्हता. विभागप्रमुखानं वाचलं, भुवया उंचावल्या, आणि सही केली. हे विचारायलाच हवं होतं, असं तो म्हणाला.

मऊसाहेबाचं उत्तर चार दिवसांत आलं, चांगलं ऐसपैस. स्वतःबद्दल लिहायला मिळालं की काही माणसांना तहानभूक राहत नाही. कुठले परवाने रद्द केले, कुठल्या आदेशावर आपली सही आहे, खिंडीचं एकत्रीकरण ही आपल्या कारकिर्दीतली मोठी कामगिरी कशी आहे, सगळं सुवाच्य. पत्राच्या तळाशी हितसंबंधांबद्दल लिहिलेलं त्यानं वाचलं नसेल असं नाही. आपल्या बाबतीत कोण विचारणार, असंच त्याला वाटलं असणार.

आयोगाच्या नियमांत एक जुना नियम होता. ज्या अधिकाऱ्यानं एखाद्या भागाच्या परवान्याचा निर्णय दिला, त्याला पुढे त्या भागाच्या परवानाधारक कंपनीत कुठलंही पद घेता येत नाही. सगळ्यांना तो माहीत होता आणि कुणी तो उघडत नव्हतं, कारण निवृत्त साहेबांना कुठेतरी बसायला जागा लागते. तिनं तो उघडला. अर्ज नामंजूर करा असं तिनं लिहिलं नाही. खिंडीतल्या लोकांना वीज हवीच होती, आणि ते लोक तिचेच होते. तिनं शर्तींसह मंजुरीचा मसुदा केला. कंपनीला परवाना द्यावा, मात्र सदर संचालकानं कंपनीतली सर्व पदं सोडल्याखेरीज तो अमलात येऊ नये.

आयोगाच्या बैठकीत यावर खल झाला. कुणी म्हणालं, ज्येष्ठ माणूस आहे, ताकीद देऊन सोडा. विभागप्रमुख म्हणाला, नियम आहे की नाही ते सांगा. नियम होता. शर्त कायम झाली आणि मंजुरीचं पत्र निघालं. ते पाकिटात घालायचं काम तिचं नव्हतं, तरी तिनं ते स्वतः घातलं आणि पाकिटाची कड नखानं दाबून बसवली.

कंपनीनं मऊसाहेबाला त्याच दिवशी काढलं. फोनवरून. इतके दिवस ज्यांच्यासाठी त्यानं बाक झिजवला, त्यांना परवाना हवा होता, तो नको होता. नंतर ऐकू आलं, की त्याला द्यायचा निरोपाचा चहासुद्धा कुणी ठेवला नाही, आणि गाडी परत मागवून घेतली म्हणून तो रिक्षानं घरी गेला.

दोन दिवसांनी तो आला. या वेळी बाकावर बसला नाही, सरळ आत आला. काठी टेबलाला टेकवून उभा राहिला. "मला एवढंच कळू दे," तो म्हणाला, "मी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

तिनं सांगितलं. ते गाव, ती शेड, ते पत्र, तो फोन. चहाचा कपही सांगितला. आवाज चढवला नाही. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, की आपण हे इतक्या वेळा मनात म्हटलंय की आता त्यात एक शब्दही इकडचा तिकडे होत नाही.

त्याचा आवाज अजूनही मऊच होता. "तुम्ही आधी सांगितलं असतं, तर मी येऊन तुमच्या वडिलांची माफी मागितली असती."

"म्हणूनच सांगितलं नाही," ती म्हणाली.

तो काठी घेऊन गेला. दार त्यानं उघडंच ठेवलं होतं. ती उठली आणि लावून घेतलं.

घरी आली तेव्हा अण्णा खिडकीपाशी बसून कुणाच्या तरी इस्त्रीची वायर सोलत होते. नजर आता फारशी चालत नसे, बोटांनीच काम करत. ती समोर बसली आणि म्हणाली, अण्णा, तुम्हाला तो मऊसाहेब आठवतो का. तिला वाटलं होतं, ते हात झटकतील, जाऊ दे म्हणतील. वायर सोलणारी बोटं थांबली.

"त्याचं काय?"

तिनं सांगायला सुरुवात केली. अर्ज, बाक, त्रुटीपत्रं. अण्णांनी मध्येच इस्त्री बाजूला ठेवली आणि खुर्ची पुढे ओढली. शर्तीचं सांगून झालं, रिक्षाचं झालं, त्याचं येऊन उभं राहणं झालं.

"त्याला लागलं का?" अण्णांनी विचारलं.

"लागलं."

"नीट?"

"हो अण्णा. नीट लागलं."

अण्णा मागे टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं, ते तिनं इंजिन भंगारात गेल्यापासून पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, "ते बाकाचं परत सांग."

इतकी वर्षं एका घरात राहून तिला कळलं नव्हतं. पोटात घातलं होतं, पण पचवलं नव्हतं. आई बोलून मोकळी व्हायची, आणि हा माणूस पंखे दुरुस्त करता करता आतल्या आत तेच घोळवत बसला होता. त्या रात्री बापलेक पोटभर जेवले, आणि जेवताना तिनं सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगितलं.

मऊसाहेब मात्र इतक्यावर गप्प बसणारा नव्हता. कार्यालयाच्या वाटा त्याला तिच्याइतक्याच ठाऊक होत्या. त्यानं तक्रार केली, की या बाई त्याच भागातल्या आहेत, रद्द झालेल्या परवान्याच्या मालकाची मुलगी आहेत, आणि हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. तक्रार शंभर टक्के खरी होती.

तिला नोटीस आली. माथ्यावर ठळक अक्षरात 'कारणे दाखवा', आणि खाली साध्या भाषेत, उत्तर दिलं नाही तर काय होईल ते. तिचाच नमुना. विभागप्रमुखानं ती स्वतः आणून तिच्या हातात दिली आणि ओशाळून म्हणाला, "बाई, मला दुसरा इलाज नव्हता."

"नोटीस चांगली लिहिली आहे," ती म्हणाली. "सगळं स्पष्ट आहे."

उत्तर तिनं मुदतीच्या आतच दिलं. लिहिलं, की तक्रार खरी आहे. नातं सांगून मी या कामातून बाजूला व्हायला हवं होतं, ते मी मुद्दाम केलं नाही. त्रुटीपत्रांपैकी पुढची काही विनाकारण होती. शर्तीबद्दल मात्र माझं म्हणणं कायम आहे, ती दुसऱ्या कुणाकडूनही तपासून घ्यावी. खेद वाटतो, असं लिहायची पद्धत असते. ते वाक्य तिनं दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. शेवटी ते घातलंच नाही.

शर्त दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेली, आणि त्यानंही ती कायम ठेवली, कारण मऊसाहेबाच्या हातचं ऐसपैस उत्तर त्याच्यापुढे होतं. तिला लेखी ताकीद मिळाली आणि परवाना विभागातून तिची बदली आवक विभागात झाली. तिथे फक्त पोच द्यायची. 'आपला अर्ज मिळाला.' पुढचं सगळं दुसऱ्यांकडे. तिचं टेबल आता जिन्याखाली होतं, दिवा दिवसाही लावावा लागे. हिशेबनीस कधीमधी खाली येऊन म्हणायचा, बाई, तुमच्या जागी आलेला पोरगा नकाशाच्या मोजपट्टीकडे बघतसुद्धा नाही. तिच्या जिवाची तगमग व्हायची. ते काम तिला मनापासून आवडत होतं, आणि ते गेलं. ही किंमत तिला रोज दिसायची, जिन्यावरून जाणाऱ्या फायलींच्या रूपानं. पुन्हा संधी आली तर असंच कराल का, असं हिशेबनिसानं एकदा चेष्टेत विचारलं. ती म्हणाली, त्रुटीपत्रं दोन कमी काढीन.

आवक विभागातून ती वेळेवर सुटायची. अण्णा वाट बघत बसलेले असत. आता ते बोलायला लागले होते. आज काय, मऊसाहेबाची काही खबर? नसली की ते जुनंच काढायचे, आणि त्यात एकेक नवा माणूस निघायचा. मीटरची वही हातात देताना हसलेला तो मोठ्या कंपनीचा मॅनेजर. शेडची किल्ली मागायला कंपनीतर्फे आलेला, जो कालपर्यंत अण्णांच्या तारा ओढायचा आणि अण्णांच्या ताटात जेवायचा तो तारवाला. त्यांची नावं, त्यांची चालायची ढब, सगळं अण्णांकडे जिवंत होतं. ऐकताना तिच्या कधी अंगावर काटा यायचा, आणि कधी ती नकळत पुढे सरकून विचारायची, मग तो काय म्हणाला?

एकदा अण्णा म्हणाले, "त्या मॅनेजरचं काय झालं, बघ ना जरा. तुमच्या कार्यालयात कळेल."

तिनं चौकशी केली. दोन दिवसांनी येऊन सांगितलं, "तो केव्हाच वारला, अण्णा."

अण्णांचा चेहरा पडला. "आजारानं?"

"झोपेत गेला म्हणे."

"झोपेत," अण्णा म्हणाले, आणि चिडून समोरच्या पंख्याचं पातं उलटं फिरवलं. मग त्यांनी पेचकस उचलला आणि विचारलं, "आणि तारवाला?"

तिनं चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या, पदर खोचला, आणि तारवाल्याचं पूर्ण नाव काय होतं ते विचारलं.